सासूबाईंची पंच्याहत्तरी आणि गोव्यातलं महागडं हॉटेल: आधी आम्ही दोघं जाऊन जेवून आलो

हॉटेलचं नाव टाकणार नाही हे आधीच सांगते. एक तक्रार आहे, ती त्यांनी जागच्या जागी निस्तरली पण, मग उगाच नावानिशी कशाला काढायची. पण पणजीच्या बाजूला जुन्या पोर्तुगीज घरांतनं जी अशी महागडी हॉटेलं निघालीत तिथं घरातल्या वयस्कर माणसाचा वाढदिवस करायचं कुणाच्या डोक्यात असेल तर हे वाचा, आम्ही घातले तेवढे पैसे तरी तुमचे वाचतील.

तर झालं असं की जानेवारीत आमच्या सासूबाईंना पंच्याहत्तर पूर्ण होतात. आता पूर्ण झाल्यावर करायची की लागल्यावर करायची ह्याच्यावर आमच्या घरात आधीच एक महाभारत होऊन गेलंय, नणंदेचं म्हणणं गेल्या वर्षी लागलं तेव्हाच करायला पाहिजे होती, आता एक वर्ष शिळी झाली. दीर म्हणाला मग सहस्रचंद्रदर्शनच करू, तर त्याला म्हटलं बाबा हजार पौर्णिमा बघायला साडेएकोणतीस दिवसांच्या हिशेबानं ऐंशी वर्षं दहा महिने लागतात, तोवर तू थांबणार आहेस काय. तर पंच्याहत्तरीच.

दीर पुण्याला असतो. त्यानं 'आई ७५' ह्या ग्रुपवर ह्या हॉटेलची लिंक टाकली, सात कोर्सचा टेस्टिंग मेनू, फोटोत ताटं अशी की खायची का भिंतीला लावायची कळू नये. खाली लिहिलं, आईसाठी एकदा तरी असं काहीतरी करूया, पैसे मी घालतो. नणंद धारवाडला, तिचं उत्तर दोन मिनिटांत: आईला तिथलं काय कळणार आहे, आचारी लावू, बेळगावला शहापुरात घरीच मांडवात मांडे करून घेऊ, शंभर माणसं पोटभर जेवतील. माझ्या नवऱ्यानं दोन्ही मेसेजना अंगठा दिला. तो नेहमी तसंच करतो. शेवटी मीच म्हटलं की आपण दोघं आधी जाऊन रेकी करून येऊ, आवडलं तर बघू.

आता रेकी कशाची, तर जेवणाची नव्हे. जेवण चांगलं असणार हे गृहीतच होतं, एवढे पैसे घेऊन वाईट कोण देईल. बघायचं होतं ते आमच्या आईंच्या हिशेबानं. आई म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षिका, रात्री पावणेआठला जेवून सव्वाआठला गोळी, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, सोमवार आणि संकष्टी सोडली तर मासे खाणार, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठल्याही हॉटेलात गेलं की मेनू उजवीकडनं वाचणार. आधी दर, मग पदार्थ. मागे काँग्रेस रोडला एका हॉटेलात डोशाचा दर बघून त्यांनी एवढ्या पैशात घरी किती पीठ होतं ते वेटरलाच विचारलं, आणि मग अख्खं जेवण होईपर्यंत फक्त ताक प्यायल्या. त्यांच्यासमोर तीन-तीन हजाराचा आकडा ठेवणं म्हणजे वाढदिवस तिथंच संपला.

शनिवारी दुपारी निघालो, पिरनवाडीवरनं किणये, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला. साधारण ११० किलोमीटर, पण किलोमीटरवर जाऊ नका, घाटात रस्त्याची जी अवस्था असेल त्याच्यावर वेळ ठरतो, आम्हाला तीन तासाला थोडे कमी लागले. बुकिंग फोनवर केलेलं, माणशी १,००० रुपये आधी भरून घेतले (बिलात वळते होतात), ॲलर्जी आहे काय विचारलं, मी स्पष्ट सांगितलं की एक नॉनव्हेज आणि एक शुद्ध शाकाहारी. व्हेज करायचं मुद्दाम, कारण आईंचा त्या दिवसाचा बेत असा की सकाळी कवळ्याच्या शांतादुर्गेला अभिषेक, आमचं कुळदैवत ते, आणि देवीचं दर्शन घेतल्यावर त्या दिवशी मासे नाहीत म्हणजे नाहीत.

गेल्या गेल्या पहिला नापास शेरा. दारात चिऱ्याच्या आठ पायऱ्या, उंच उंच, धरायला कठडा नाही. फोटोत ह्या पायऱ्या लई सुंदर दिसतात, दोन्ही बाजूंना कुंड्या, वर दिवा. गुडघा बदललेल्या माणसाला त्या कुंड्यांचा काय उपयोग. आत गेलो तर उजेड एवढा कमी की नवऱ्यानं मेनू वाचायला मोबाईलची बॅटरी लावली. खुर्च्या बुटक्या आणि खोल, बसताना बसतो माणूस पण उठताना शेजाऱ्याचा हात लागतो. बाथरूम मागच्या अंगणात, फरशी ओली. हे सगळं मी टेबलाखाली मोबाईल धरून लिहून घेत होते, नवरा म्हणाला फूड इन्स्पेक्टर आलाय असं वाटेल त्यांना, बंद कर.

मग जेवण. साडेसातला सगळ्यांना एकदमच बसवतात, तुम्ही आठला आला तर पहिला कोर्स गेला. एकापाठोपाठ एक पदार्थ आणायची ही पद्धत फ्रान्सची म्हणून ओळखली जाते खरी, पण तिला नाव रशियन पद्धत असंच आहे, एकोणिसाव्या शतकात ती तिकडनं फ्रान्समध्ये आली आणि रुजली, त्याआधी फ्रेंच लोकसुद्धा सगळं एकदम टेबलावर मांडूनच जेवायचे. म्हणजे आपल्यासारखंच. आपल्या ताटात मीठ-लिंबू-चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, पुढचा घास कशाचा ते ज्याचं त्यानं ठरवायचं. इथं ते शेफ ठरवतो. हे वाईट असं मी म्हणत नाही, पण आमच्या आईंना पहिल्या भाताबरोबर लिंबू नाही मिळालं तर त्या जेवण थांबवून बसतात, त्यांना सात वेळा 'आता पुढचं काय येतंय' ह्या अवस्थेत ठेवायचं का हा प्रश्न आहे.

सातही पदार्थ सांगत बसत नाही. पहिला एका घासाचा होता, त्याचं नाव 'अंगणातला पहिला पाऊस' की काहीतरी, तोंडात टाकला तर दहीपुरीची चुलत बहीण. चांगली होती, पण एकच. पाचवा पदार्थ काय होता ते आता आम्हा दोघांनाही आठवत नाही, ह्यावरनं समजा.

लक्षात राहिलं ते खतखतं. परातीएवढी पांढरी थाळी, काठ असा बोटभर जाड, आणि मधोमध सात भाज्या एका ओळीत उभ्या केलेल्या, प्रत्येकीचा तुकडा अंगठ्याच्या नखाएवढा, भोपळा, सुरण, रताळं, नीरफणस, मुळा असं. मग वेटर छोट्या किटलीतनं वरनं रस ओततो. मी म्हटलं झालं, आता ह्यांनी गणपतीतल्या खतखत्याचं प्रदर्शन मांडलंय. पण पहिला चमचा घेतला आणि गप्प बसले. तिरफळाचा वास बरोबर तेवढाच, तो जिभेला मुंग्या आल्यासारखा झणका मागनं येतो तसाच आला, गूळ पुढं नाही, खोबरं बारीक वाटलेलं पण लगदा नाही, आणि प्रत्येक भाजी आपापल्या जागी नीट शिजलेली. घरी सगळं एका पातेल्यात घातलं की रताळं आधी गळतं आणि सुरण शेवटपर्यंत कडक राहतं, गेली एकवीस वर्षं मी ह्याच्यावर आईंची बोलणी खातेय. ह्यांनी वेगवेगळं शिजवून मग एकत्र आणलं. वेटर मला सांगायला लागला की मॅम, रसात तिरफळ दिसलं तर चावू नका, फक्त वासाला आहे. त्याचा दोष नाही, पण हसू आलं. आमच्याकडे तिसरीतल्या पोराला पण माहीत असतं ते.

नवऱ्याच्या नॉनव्हेजमधलं चोणक मी चाखलं नाही, त्यानं मान डोलावली आणि बोलला नाही म्हणजे उत्तम होतं.

आता ती तक्रार. दुसऱ्या कोर्सला पोई आली, म्हणजे गोव्याकडचा पाव, गरम, कोंड्याची, भारी, आणि बरोबर दोन वाट्यांत लोणी. माझ्या वाटीतलं लोणी पोईला लावलं, तोंडाजवळ नेलं आणि थांबले. सुकटीचा वास. बेळगावात वाढलेल्या माणसाला सुकटीचा वास ओळखायला हॉटेलचा कॅप्टन, म्हणजे मुख्य वेटर, लागत नाही. लोण्यात वाळक्या सुंगटांची पूड मिसळलेली, नवऱ्याच्या वाटीत असायची ती माझ्याकडे आली, वाट्या अदलाबदल झाल्या एवढंच. मी मासे खाते, त्यामुळं मला काही झालं नाही. पण तिथं माझ्या जागी आई असत्या, सकाळी देवीला अभिषेक करून आलेल्या, पंच्याहत्तरीच्या दिवशी? त्यांनी आरडाओरडा केला नसता. वाटी हळूच बाजूला सरकवली असती, पुढं कशालाच हात लावला नसता, आणि घरी येऊन रात्री देवापाशी दिवा लावून बसल्या असत्या. मला तेच डोळ्यासमोर आलं आणि अंगावर काटा आला.

कॅप्टनला बोलावलं. पन्नाशीचा माणूस, पेडण्याकडचा, आमचं बोलणं ऐकून त्यानं सरळ कोकणीच सुरू केलं. वाटीचा वास घेतला आणि म्हणाला, "रावात, हांव बदलून हाडटां." चूक कुणाची, तुम्ही सांगितलं होतं का, असलं काही नाही. नवी पोई, नवं लोणी, नवी सुरी पण. वीस मिनिटं लागली, पण त्यानंतर माझी प्रत्येक थाळी तो स्वतः घेऊन आला आणि ठेवताना 'शाकाहारी' म्हणून ठेवायचा. पूजेचं ताट ठेवावं तसं.

गोडाला धूर. वाटीखालनं पांढरा धूर टेबलभर पसरतो, शेजारच्या टेबलवरची पोरं उठून बघायला आली. मी आधी विचारलं कशाचा आहे, कारण दिराचा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि २०२४ मध्ये बेंगळूरला लग्नात धुराचं पान खाऊन एका लहान मुलीच्या पोटाला भोक पडलं होतं ते विसरले नाही. ते द्रवरूप नायट्रोजनमुळं. इथं खालच्या बंद कप्प्यात ड्राय आइस होता, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, खायच्या वाटीचा त्याला स्पर्श नाही. तरी पोरगं जवळ असेल तर हात घालू देऊ नका, तो उणे ७८ अंश असतो. वरचं कोकमाचं सॉर्बे छान, आंबट, तोंड साफ करणारं, बेबिंका मात्र एवढीशी की आठ थर मोजायला भिंग लागेल.

सगळं आटपायला तीन तास दहा मिनिटं लागली. चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये पस्तीस मिनिटं नुसतं बसवून ठेवलं. नऊनंतर गाण्याचा आवाज वाढला, समोरासमोर बसून आम्ही ओरडून बोलत होतो. गोळी सव्वाआठची, गोड आलं साडेदहाला. इथंच रात्रीच्या जेवणावर मी मनात काट मारली होती.

बिलाचं सांगते कारण ते कुणी लिहीत नाही. व्हेज ३,२००, नॉनव्हेज ३,८००, कोकमाचं एक सरबत ४५० प्रमाणे दोन (होय, कोकमाचं), पाणी २५०. झाले ८,१५०. त्याच्यावर १०% सर्व्हिस चार्ज ८१५, आणि त्या सगळ्यावर ५% जीएसटी. ९,४१३. पाण्याबद्दल भांडलात तर उपयोग नाही, हॉटेलात बसून पिताना छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतं असं सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्येच सांगितलंय. सर्व्हिस चार्जचं मात्र उलट आहे. तो बिलात आपोआप लावता येत नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आणि दिल्ली हायकोर्टानं २८ मार्च २०२५ ला त्या उचलून धरल्या. नवरा म्हणायला लागला जाऊ दे गं, एवढ्या ठिकाणी येऊन आठशेसाठी काय. मी म्हटलं आठशेसाठी नाही, अकरा माणसांचं बिल होईल तेव्हा तो आकडा चार हजाराच्या घरात जाईल. शांतपणे सांगितलं की हा काढा, आम्ही वेगळं देतो. दोन मिनिटांत काढून आणला, ८,५५७. म्हणजे त्यांना माहीत असतंच, विचारणाऱ्याला काढून देतात, न विचारणारा भरतो. हे मला आवडलं नाही आणि कॅप्टनला मी ते बोलून दाखवलं. नाहीच ऐकलं कुणी तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. टिप पाचशे त्या कॅप्टनच्या हातात दिली.

इथवर माझं उत्तर नाही असंच होतं. गाडीकडे चालत जाताना दिराला काय लिहायचं ते पण ठरवलं होतं. पण कॅप्टन पायऱ्यांपर्यंत सोडायला आला, मी कुंड्या धरत उतरत होते ते बघून त्यानं विचारलं कुणाला घेऊन यायचंय काय. मग तिथंच पायरीवर उभं राहून पंधरा मिनिटं बोललो आणि जेवणात तीन तासांत जेवढं कळलं नाही तेवढं त्या पंधरा मिनिटांत कळलं.

म्हणाला रात्री आणूच नका. रविवारी दुपारी टेस्टिंग मेनू नसतो, हवं ते मागवायचं, सगळं एकदम टेबलावर मांडून पाहिजे असेल तरी मांडतो. खतखतं दुपारी वाडग्यात येतं, भाताबरोबर. दुपारी गाणी हळू. मागच्या बाजूला सामान आणायचा उतार आहे, गाडी तिथंपर्यंत येते, पायऱ्या नकोत, आणि मागचा व्हरांडा अकरा माणसांना पुरतो, तिथं जेवणाच्या साध्या ताठ खुर्च्या लावून देतो. मी विचारलं शाकाहारी सगळं वेगळं होईल काय. ह्यावर तो जरा थांबला. म्हणाला किचन एकच आहे, भांडी आणि तवा वेगळा ठेवतो, वाढायला मी स्वतः असेन, पण आत मासळी शिजत नाही असं खोटं सांगणार नाही. मला हे ऐकून बरं वाटलं. 'हंड्रेड पर्सेंट प्युअर मॅडम' असं म्हणाला असता तर मी परत फोन केला नसता.

केक? बाहेरचा आणला तर ५०० रुपये घेतात. आईंना अंड्याचा केक चालत नाही, आम्ही बेळगावचा कुंदा आणू म्हटलं. कुंदा त्यानं ऐकला होता, खाल्ला नव्हता. खवा कसा तांबूस होईपर्यंत परततात ते नवऱ्यानं त्याला तिथं उभ्या उभ्या समजावलं, हा माणूस घरी चहा पण करत नाही. कुंद्याला पैसे नाहीत म्हणाला, आणा, आम्ही ताटलीत लावून देऊ, आम्हाला पण थोडा ठेवा.

मग औक्षण. पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळायचं म्हणजे कणकेचे पंच्याहत्तर दिवे, मोठ्या परातीत, तूप घालून. त्यानं वर बघितलं, व्हरांड्याला लाकडी छप्पर. म्हणाला पाच निरांजनं चालतील, पंच्याहत्तर नको, आमची फायर अलार्म बोंबलेल आणि तुमच्या आईची साडी नायलॉनची असली तर मला झोप लागायची नाही. बरोबर आहे त्याचं. पंच्याहत्तर दिवे आदल्या संध्याकाळी घरीच करू, नणंदेला तेवढंच समाधान.

शेवटी मी जरा चाचरतच विचारलं की मेनू कार्डावर दर छापलेले नसले तर चालेल काय. मला वाटलं हसेल. तो म्हणाला ती जुनी पद्धत आहे, यजमानाला दराचं कार्ड आणि पाहुण्यांना बिनदराचं, आमच्याकडे रोज नाही पण छापून देतो, किती पाहिजेत? दहा, म्हटलं. आणि दराचं एक, दिराच्या हातात.

परत येताना घाटात धुकं, कणकुंबीच्या माउलीला गाडीतनंच हात जोडला, घरी पोचायला दीड वाजला. सकाळी आई स्वयंपाकघरात.

"कुठं गेलतासा गं काल? फोन पण उचलत नव्हतीस."

"गोव्याला गेलतो आई. जेवायला."

"काय जेवलात?"

"खतखतं."

आईंनी माझ्याकडे बघितलं. "आणि त्यासाठी घाट उतरलात?"

मागनं नवरा आला, त्याला विचारलं कितीला पडलं. त्यानं तोंड न हलवता अठराशे सांगितलं. "दोघांचं? अठराशे? लई की!" मग जरा वेळ कोथिंबीर निवडत बसल्या आणि म्हणाल्या, "तिरफळ घातलेलं काय?" होय म्हटलं. रताळं गळलं नव्हतं ते पण सांगितलं. "गळलं नव्हतं? मग काय करूलाल्यात ते एकदा बघायला पाहिजे की."

आता ग्रुपवर हिशेब टाकलाय तो असा. रात्रीचा टेस्टिंग मेनू अकरा जणांना सरासरी ३,५०० धरला तर ३८,५०० आणि जीएसटी धरून ४०,४२५, पाणी-सरबत वेगळं. रविवार दुपार, मागवून खायचं, माणशी २,००० धरले तर २३,१०० मध्ये होतं. आणि ताईंचं शंभर माणसांचं, केटररचं बरं ताट ३५० ला धरलं तरी ३५,०००, मांडव आणि मांड्यांचा आचारी वेगळा. म्हणजे दुपारचं हॉटेल शंभर पानांपेक्षा स्वस्त पडतंय, हे बघून दीर खूश आणि ताई जास्तच चिडल्या. त्यांचा मुद्दा पैशाचा नव्हताच. त्यांचा मुद्दा शहापुरातल्या शेजारणी आणि आईंच्या शाळेतल्या बाई, त्यांना कोण विचारणार. तो मुद्दा मला पटतो. म्हणून शनिवारी संध्याकाळी घरी पंच्याहत्तर दिवे, शेजारपाजार, शाळेतल्या बाई, चहा-चिवडा-कुंदा. मांडे ह्या वेळी नाहीत. रविवारी पहाटे साडेपाचला निघून खानापूर, रामनगर, अनमोड करत कवळे, अभिषेक, मग साडेबाराला तिथं, तीनपर्यंत आटपून चोर्ल्यानं उजेडात घरी.

तुमचं काय करायचं असेल तर, नवरा-बायकोचा लग्नाचा वाढदिवस, कुणाची चाळिशी-पन्नाशी, रात्री तिथंच राहणार असाल आणि तीन तास बसून बोलायला एकमेकांजवळ काही असेल तर रात्रीचं जा, खतखत्यासाठी तरी जा. लहान पोरं आणि साठीपुढची माणसं असतील तर रात्रीचं नाव काढू नका. आणि बुकिंग फोनवर न करता जमलं तर प्रत्यक्ष जाऊन करा, पायऱ्या कुणी फोनवर सांगत नाही. व्हेज असाल तर टेबलावर आलेली प्रत्येक वाटी आधी नाकाजवळ न्या.

रात्रीच्या जेवणाला माझे पाचपैकी साडेतीन, अर्धा सुकटीचा कापला आणि एक सर्व्हिस चार्जचा. दुपारचं जेवून आल्यावर परत लिहीन. अकरा जणांचे ११,००० भरलेत, सात दिवस आधी रद्द केलं तर परत मिळतात. ताईंनी अजून होय म्हटलेलं नाही, पण काल मला वेगळा मेसेज आला, तो उतार नक्की किती चढाचा आहे, फोटो आहे काय.